माझी गाठ रागाची नव्हती

नुकतंच कॅन्सरचं निदान झालेल्या कुणाच्या हातात हे पडलं, तर आधी एक गोष्ट सांगून टाकते. आजपासून तुम्हाला रोज कुणीतरी "पॉझिटिव्ह राहा" म्हणून सांगेल. जमलं तर राहा. नाही जमलं तर नका राहू. मी नव्हते राहिले. सबंध ट्रीटमेंटभर मी एका माणसावर सूड उगवायची स्वप्नं बघत होते, आणि आज धडधाकट बसून हे लिहिते आहे.

त्या माणसाला मी इथे सबनीस काका म्हणेन. मिशिगनमधल्या आमच्या ट्रॉय गावातल्या मराठी लोकांना ओळख पटेलच. पटू दे.

खाज

सुरुवात खाजेने झाली. पुरळ नाही, लाली नाही, नुसती खाज. पोटऱ्यांपासून सुरू व्हायची आणि अंगभर पसरायची. मी मोटारींच्या सीट बनवणाऱ्या एका कंपनीत टेस्टिंगला आहे. मीटिंगमध्ये टेबलाखाली एका बुटाच्या टोकाने दुसरी पोटरी खाजवत बसायचे. मिशिगनचा हिवाळा, घरात दिवसभर हीटर, कातडी कोरडी पडणारच, असं सगळे म्हणाले. मी डबेच्या डबे क्रीम चोपडलं, खोबरेल लावलं. हिवाळा संपला, शेजारणीच्या अंगणात ट्यूलिप आले, खाज होती तिथेच. जोडीला थकवा. जिना चढून वर गेलं की कशासाठी आलो ते आठवायच्या आधी पलंगावर बसावं लागायचं. झोपेत घाम येऊन उशी ओली व्हायची. कपडे सैल झाले, तर भिशीतल्या बायका म्हणाल्या, "कसलं डाएट करतेस गं, आम्हालाही सांग."

फॅमिली डॉक्टरने रक्त तपासलं. "थोडं इकडेतिकडे आहे, छातीचा एक्स-रे काढून घेऊ," म्हणाला. साधा एक्स-रे. त्याची तारीखही मिळाली.

त्याच आठवड्यात सबनीस काका आणि उषाकाकू आमच्याकडे जेवायला आले.

काका म्हणजे आमच्याकडच्या मराठी लोकांचं जागृत देवस्थान. हाडांचे डॉक्टर, आमच्या जन्माच्या आसपास अमेरिकेत आलेले, आता रिटायर्ड. रिटायर झाल्यावर त्यांना मनाचा शोध लागला. रविवारी सकाळी त्यांच्या बेसमेंटमध्ये मन-आरोग्य वर्ग भरायचा. सतरंजीवर बसायचं, डोळे मिटायचे, ज्याच्यावर राग आहे त्याला मनातल्या मनात माफ करायचं, आणि मग वर जाऊन उषाकाकूंच्या हातचे पोहे खायचे. अर्धे लोक पोह्यांसाठी येत असावेत असा माझा पहिल्यापासून संशय होता.

माझा नवरा श्रीरंग त्यांना फार मानतो. तो इथे शिकायला एकटा आला होता तेव्हा बर्फावर घसरून त्याचा पाय मोडला. काकांनी त्याला पूर्ण बरा होईपर्यंत घरी ठेवून घेतलं. ते उपकार खरेच आहेत. मी ते नाकारत नाही.

तर जेवताना मी नकळत दंड खाजवत होते. काकांनी चमचा खाली ठेवला.

"कधीपासून आहे हे?"

"डिसेंबरपासून."

"आणि प्रमोशन कधी हुकलं?"

मी श्रीरंगकडे बघितलं. तो आमटीत बघत होता. म्हणजे यांचं आधीच बोलणं झालेलं होतं.

"काका, त्याचा काय संबंध?"

"वैजू, माझं आयुष्य पेशंट बघण्यात गेलं. तू राग फार धरून ठेवतेस. तो बाहेर पडायला वाट शोधतोय, आणि त्याला कातडी सापडली आहे."

"मग एक्स-रेत दिसेल का तो?"

काका हसले. मग श्रीरंगकडे वळून म्हणाले, "बघ. हा जो टोन आहे ना, हेच मी म्हणत होतो."

मी समोर बसलेली असताना, माझ्याबद्दल, माझ्या नवऱ्याला. मी अकोल्याची आहे. आमच्याकडे बाई चिडली की ओट्यावरची भांडी बोलायला लागतात. त्या दिवशी माझ्यात भांडी आपटण्याइतकीसुद्धा ताकद नव्हती.

ते गेल्यावर श्रीरंग म्हणाला, "काका म्हणतात आधी थोडे आठवडे वर्ग करून बघू. टेस्टच्या मागे लागलं ना वैजू, की धडधाकट माणूसही आजारी पडतो. स्ट्रेस आहे यार तुला, बाकी काही नाही." त्याने फोनवर हॉस्पिटलचं पोर्टल उघडलं आणि एक्स-रे कॅन्सल केला. मला विचारलं नाही असं नाही. विचारलं. पण मी भांडायला शिल्लक कुठे होते?

वर्ग

मी बेसमेंटमध्ये गेले. खाजणाऱ्या पोटऱ्या खाली दाबून बसले आणि डोळे मिटले. बॉसला माफ केलं. सासूबाईंना माफ केलं. अकोल्याच्या शाळेतल्या गणिताच्या बाईंनाही केलं. खाज वाढली. तसं मी काकांना सांगितलं.

"वाढली ना? छान!" ते म्हणाले. "म्हणजे राग बाहेर पडतोय."

अशा माणसाशी वाद घालता येत नाही. कमी झालं तर त्यांचा उपाय लागू पडला, वाढलं तर जास्तच लागू पडला. आणि काहीच झालं नाही तर पेशंट हट्टी. सगळा उन्हाळा माझा असा गेला. घरात कुणी मला 'बरं वाटत नाहीये का' असं विचारेनासं झालं. विचारायचे ते 'आज मूड कसा आहे?'

आजारापेक्षा ते वाईट होतं. अंगात काहीतरी भयंकर चाललं आहे हे अंग ओरडून सांगतं, आणि सगळे म्हणतात तूच ओरडते आहेस. मग हळूहळू आपल्यालाही वाटायला लागतं, खरंच मीच तर नाही ना हे करत?

ईरा

गणपतीचा कार्यक्रम होता. मी साडी नेसून आरशासमोर बसले होते आणि ईरा, माझी मुलगी, मागे उभी राहून मला नेकलेसचा हूक लावत होती. ती तेव्हा हायस्कूलला नुकतीच गेली होती. तिची बोटं मध्येच थांबली.

"आई, व्हॉट इज धिस?"

"काय गं?"

"हिअर. कॉलरबोनच्या वर. इट्स लाइक अ ग्रेप."

मी हात लावला. कडक द्राक्षासारखंच काहीतरी होतं. दुखत नव्हतं. आरशात मी तिचा चेहरा पाहिला आणि म्हटलं, "असेल काहीतरी, चल, बाबा खाली वाट बघतोय."

गाडीत माझ्या मांडीवर मोदकांचा डबा होता. ईरा मागे बसून फोनमध्ये काहीतरी वाचत होती. मोठा सिग्नल आला तशी म्हणाली, "बाबा, अर्जंट केअरला घे."

"काय झालं?"

"आईच्या नेकमध्ये लंप आहे. अँड द इचिंग, अँड द स्वेटिंग. बाबा, प्लीज."

"आरती झाली की जाऊ, बेटा. काकाही असतील तिथे, त्यांना दाखवू."

"नो," ईरा म्हणाली. "नॉट काका. अ डॉक्टर."

श्रीरंगने गाडी वळवली.

तिथे एका तरुण डॉक्टरणीने मान चाचपली आणि छातीचा एक्स-रे काढला. वसंतात काढायचा राहिलेला तोच साधा एक्स-रे. तिने स्क्रीनवर तो बघितला आणि मग खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली. डॉक्टर उभ्याउभ्या बोलतात तोवर सगळं ठीक असतं. ती बसली तेव्हाच मला कळलं.

मोदक कुणीही खाल्ले नाहीत.

निदान

बायोप्सी, स्कॅन, वाट बघणं, यातून गेलेल्यांना ते माहीत आहे आणि जाणार आहेत त्यांना मी आधीच कशाला घाबरवू. नाव निघालं हॉजकिन लिम्फोमा. नुसती खाज सुटणं हे त्याचं एक लक्षण असू शकतं. गाठ छातीच्या मधोमध बसली होती आणि तिथून वर आली होती.

माझ्या कॅन्सरच्या डॉक्टर म्हणजे डॉ. हद्दाद. कुटुंब लेबनॉनचं, त्या स्वतः जन्माने इथल्याच. बुटक्या, चष्मा कपाळावर ठेवून तोच शोधणाऱ्या. त्यांनी सगळं समजावलं आणि विचारलं, "तुझे काही प्रश्न?"

माझा एकच प्रश्न होता. "हे माझ्या रागामुळे झालं का?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. "कोण म्हणालं तुला असं?"

"आमच्याकडचे एक डॉक्टर."

"रागाने लिम्फोमा होत असता," त्या म्हणाल्या, "तर सकाळच्या आय-सेव्हंटी-फाइव्ह हायवेवर गाडी चालवायला कुणी उरलं नसतं. नाही. तू काहीही केलेलं नाहीस. राग नाही, दुःख नाही, प्रमोशन नाही. नीट ऐकलंस ना?"

मी ऐकलं, आणि त्या दिवशी पहिल्यांदा रडले. गाठीसाठी नव्हे. इतके महिने मी स्वतःला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं होतं, त्यातून कुणीतरी हात धरून बाहेर काढलं म्हणून.

मग मी विचारलं, "वसंतात एक्स-रे काढला असता तर?"

श्रीरंग माझ्या शेजारी बसला होता. डॉ. हद्दादनी त्याच्याकडे पाहिलं नाही. "बहुधा लवकर सापडलं असतं," त्या म्हणाल्या. "बहुधा ट्रीटमेंट थोडी सोपी झाली असती. पण आजही हे बरं होण्यासारखं आहे आणि मी ते बरं करायला बसले आहे."

श्रीरंग उठून कॉरिडॉरमध्ये गेला. मी त्याच्या मागे गेले नाही.

भेट

बातमी पसरली तसे सबनीस काका भेटायला आले. सोबत उषाकाकू, त्यांच्या हातात साबुदाण्याच्या खिरीचा डबा. काका सोफ्यावर बसले आणि म्हणाले, "शरीर खोटं बोलत नाही, वैजू. इतक्या वर्षांचा राग गाठ होऊन बसला. मी वेळेवर सांगत होतो. आता तरी सोड."

माझ्या कानात नुसती वाफ भरली. मी म्हटलं, "काका, चपला दाराशी आहेत तुमच्या."

"वैजू!" श्रीरंग म्हणाला.

"बोलू दे तिला," काका शांतपणे म्हणाले. "हे तिचं आजारपण बोलतंय."

म्हणजे तेही माझं नाही! मी रागावले तरी तो राग माझा नाही, आजाराचा. माझ्या तोंडचा शब्द काढून घेऊन त्यांनी तोच आपल्या बाजूने लावला. जाताना उषाकाकूंनी माझा हात दाबला. मी दार लावून घेतलं आणि ठरवलं: मी जगणार, आणि ह्या माणसाला चारचौघांत उभं करणार. देवाला नवस बोलतात तसं मी ते बोलले.

केमोच्या खुर्चीत

माझी नर्स होती डीनीस. डेट्रॉइटची, माझ्या आईच्या वयाची, आणि अख्ख्या मजल्याला धाकात ठेवणारी. सुई टोचायच्या आधी गरम केलेलं ब्लँकेट आणून अंगावर टाकायची. त्या ब्लँकेटसाठी मी आजही जीव देईन. एकदा तिने विचारलं, "औषधाची बॅग लागली की तू डोळे मिटून ओठ हलवतेस. प्रार्थना करतेस का?"

"नाही. एका माणसाला सगळ्यांसमोर काय काय बोलायचं त्याची प्रॅक्टिस करते."

डीनीस मोठ्याने हसली. "छान आहे. बॅग संपेपर्यंत त्याला सोडू नकोस."

मी सोडलं नाही. बाहेर बर्फ असायचा म्हणून श्रीरंग मला मॉलमध्ये चालायला न्यायचा. केस गेलेले, डोक्यावर लोकरी टोपी, गुडघ्यात जीव नाही. पण काकांचं ते शांत वाक्य आठवलं की पाय आपोआप उचलले जायचे. एक फेरी त्यांच्या त्या 'टोन'साठी. एक फेरी त्या 'छान!'साठी. ईरा म्हणायची, "आई, यू आर वॉकिंग सो फास्ट, स्लो डाऊन!"

इथे मात्र मला खोटं बोलायचं नाही. रागाने मी बरी झाले, असं कुणाला वाटायला नको. ते म्हटलं तर माझ्यात आणि काकांच्यात फरक काय उरला? बरी केली ती औषधांनी. शेजारच्या खुर्चीत बसणारी एक बाई सगळ्यांशी गोड बोलायची, सगळ्यांसाठी कुकीज आणायची, आणि एक दिवस यायची थांबली. तिचं मन माझ्यापेक्षा कितीतरी स्वच्छ होतं. रागाने मला फक्त सोफ्यावरून उठवलं. आजारात कुणाला देव उठवतो, कुणाला मुलं उठवतात. मला सबनीस काकांनी उठवलं.

श्रीरंग

घरात आम्ही बोलत नव्हतो. तो मऊ भात करायचा, भांडं धरून बसायचा, मी ओकले की धुऊन आणायचा. मी फक्त 'हं' म्हणायचे. त्याच्या सेवेचासुद्धा मला राग यायचा. एका दुपारी तो बादली हातात घेऊन तसाच उभा राहिला.

"वैजू, काहीतरी बोल. शिव्या दे."

मी दिल्या. अकोल्याच्या खास ठेवणीतल्या, पुण्याच्या माणसाने कधी ऐकल्या नसतील अशा. तो बादली घेऊन उभाच होता. माझा श्वास संपल्यावर म्हणाला, "कॅन्सल मी केलं. ह्या बोटाने. काका नव्हते तिथे."

"हो," मी म्हटलं. "तूच केलंस."

त्या दिवसापासून आम्ही पुन्हा बोलायला लागलो. त्याला मी माफ केलं का, असं बहिणीने विचारलं होतं. रोज थोडं करते. जेवढं जमतं तेवढंच. ज्याने चूक स्वतःच्या तोंडाने कबूल केली, त्याच्यासाठी एवढं करता येतं.

मनाचं जे खरं आहे ते

मध्यंतरी एक विचित्र प्रकार झाला. हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये गाडी शिरली की मला उलटी व्हायची. अजून सुई नाही, औषध नाही, लिफ्टसुद्धा आलेली नाही. पुढे पुढे घरी कुणी हाताला सॅनिटायझर लावला तरी पोट उसळायचं. मी हे कुणाला सांगितलं नाही. मला भीती होती, की काका बरोबर ठरतील.

शेवटी डीनीसने मला पार्किंगच्या भिंतीला धरून वाकलेली बघितलं आणि डॉ. हद्दादना सांगितलं. त्यांनी मला तिथल्याच एका मानसशास्त्रज्ञाकडे पाठवलं. तो म्हणाला, हे पुष्कळांना होतं. मेंदू हुशार असतो, हा वास आला की पुढे विष येतं एवढं तो शिकलेला असतो. त्याने मला श्वासाचे काही प्रकार शिकवले, लक्ष दुसरीकडे न्यायच्या युक्त्या दिल्या, आणि घरून निघायच्या आधी घ्यायची एक गोळी डॉक्टरांकडून लिहून घेतली. उलट्या बंद नाही झाल्या, पण निम्म्यावर आल्या.

म्हणजे मनाचं शरीरावर चालतं. अगदी उघड चालतं. माझ्या मनाने मला गाडीतच ओकायला लावलं होतं. भीतीने झोप गेली की दुसऱ्या दिवशी तोंडातले फोड जास्त दुखायचे, हेही मी अनुभवलं. पण ह्या माणसाने मला एकदाही 'हे तू करते आहेस' असं म्हटलं नाही. तो म्हणाला, 'हे तुला होतंय, चल काहीतरी करू.' काकांच्या तोंडी आलेल्या अर्ध्या सत्याबद्दल मला त्यांचा जास्तच राग आला. मनाची काळजी घेणं हे खरं औषध होतं आणि त्यांनी त्याची काठी केली.

माइक

वसंतात स्कॅन क्लीन आला. डॉ. हद्दादनी मला मिठी मारली तेव्हा त्यांचा चष्मा माझ्या टोपीत अडकला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मराठी मंडळाचा पाडव्याचा कार्यक्रम होता. पाडवा केव्हाच उलटून गेला होता, पण इथे सण हॉल मिळेल त्या शनिवारी येतो. शाळेचं ऑडिटोरियम, नाटुकली, लहान मुलांची गाणी, आणि मध्ये सबनीस काकांचं भाषण: मनाची शक्ती. मी डोक्यावर नव्याने उगवलेले खुंट घेऊन तिसऱ्या रांगेत बसले होते. खरं सांगते, त्या दिवशी माझा काहीही बेत नव्हता. बटाटेवडे खायला गेले होते.

काका म्हणाले, "नाव घेत नाही, पण आपल्यातल्याच एका भगिनीला असाध्य दुखणं झालं होतं. ती आमच्या वर्गाला आली. तिने राग सोडायला सुरुवात केली. आणि आज? आज ती पूर्ण बरी होऊन तुमच्यात बसली आहे." टाळ्या पडल्या. लोक माझ्याकडे वळून कौतुकाने हसायला लागले.

मी उठले. श्रीरंगने माझा हात धरला नाही. उलट पाय आत घेऊन वाट करून दिली.

स्टेजवर जाऊन मी हात पुढे केला आणि काकांनी, आशीर्वाद द्यावा तसा, माइक दिला.

"ती भगिनी मी," मी म्हटलं. "मला खाज सुटली होती. डॉक्टरांनी एक्स-रे सांगितला होता. काकांनी सांगितलं, एक्स-रे नको, राग सोड. मी उन्हाळाभर त्यांच्या बेसमेंटमध्ये बसले आणि गाठ छातीतून गळ्यापर्यंत चढली. ती माझ्या पोरीला सापडली, काकांना नाही. मला औषधांनी बरं केलं. आणि राग मी सोडलेला नाही, काका. तो अजून आहे. आत्ता तुमच्यासमोर उभा आहे."

अध्यक्ष माइक घ्यायला धावत आले. मी त्यांना हाताने थांबवलं. "ज्यांना ज्यांना कुठे दुखतंय, खुपतंय, आणि इथे सांगितलं गेलंय की ते मनाचं आहे, त्यांनी सोमवारी आपल्या डॉक्टरला फोन करा. मन रविवारी बघा."

काकांचा चेहरा पांढरा पडला होता. ते बघायलाच मी जगले होते. मला वाईट वाटलं का? अजिबात नाही. खाली येऊन मी दोन वडे खाल्ले आणि ते मला फार चवदार लागले.

पुढचे कितीतरी दिवस फोन येत होते. "वडीलधाऱ्या माणसाला असं बोलतात का?" म्हणणारे होते. आणि हळूच, बायकोला ऐकू जाऊ नये म्हणून गॅरेजमधून बोलणारे एक गृहस्थही होते, की त्यांना खूप दिवस गिळताना त्रास होतोय, कुणाकडे जाऊ? बेसमेंटमधली सतरंजी आता बरीच मोकळी असते म्हणे. मला कळतं तेव्हा बरं वाटतं. कुणाला हे क्षुद्र वाटलं तर वाटू दे.

माफी

पानगळीच्या सुमारास काका आणि काकू पुन्हा आमच्या दारात उभे राहिले. काका खंगले होते. मी त्यांना आत घेतलं, पाणी दिलं. आलेल्या माणसाला पाणी विचारणं वेगळं, माफ करणं वेगळं.

"मला झोप नाही, वैजू," ते म्हणाले. "बीपी वर गेलंय. मला ठाऊक आहे हे कशाचं आहे. त्या दिवसाचं ओझं आहे. तू मला मनापासून माफ केलंस की ते उतरेल. तुझंही उतरेल."

"तुमचं चुकलं असं म्हणताय का, काका?"

"चूक, बरोबर, ह्याच्या आता पलीकडे जायला हवं."

मी वाट बघितली. खरंच बघितली. 'चुकलं' हा एवढासा शब्द त्यांच्या घशापर्यंत येऊन परत गेला. त्यांना माझी माफी हवी होती ती गोळी म्हणून.

"काका, माझं काही उतरायचं राहिलेलं नाही. मी नीट जेवते, नीट झोपते. परवाचा स्कॅनही क्लीन आहे. आणि तुम्हाला मी माफ केलेलं नाही. बीपीसाठी गोळ्या मिळतात. त्या घ्या."

ते उठले. श्रीरंग त्यांना गाडीपर्यंत सोडायला गेला. उषाकाकू पेला ठेवायच्या निमित्ताने माझ्या मागे स्वयंपाकघरात आल्या आणि नळ सोडून त्याच्या आवाजात म्हणाल्या, "वैजू, जेवलं की मला इथे, उजव्या बरगडीखाली, जोरात दुखतं. पाठीत जातं. वर्ष झालं. हे म्हणतात, मुलगा लांब गेला त्याचं दुःख तू पोटात ठेवलंयस. मला गाडी चालवता येत नाही. तू नेशील?"

मी नेलं. काय निघालं ते आधीच सांगते, म्हणजे जीव टांगणीला लागायला नको: पित्ताशय खड्यांनी गच्च भरलं होतं. ते काढलं, आणि काकू आता साजूक तुपातला शिरा खातात. पण मला सांगायचं आहे ते पहिल्या दिवसाचं, वेटिंग रूममधलं. आम्ही दोघी शेजारी बसलो होतो. काकूंनी घरी फक्त चिठ्ठी ठेवली होती, वैजूबरोबर जाते एवढीच. माझा फोन वाजला.

"तिला कुठे घेऊन गेलीस तू?" काकांचा आवाज चढलेला होता.

"डॉक्टरांकडे, काका," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

"काय म्हणाले?" काकूंनी विचारलं.

"कुठे आहात विचारत होते. सांगितलं."

उषाकाकूंना हसू फुटलं. हसताना बरगडीखाली कळ आली, तशी त्यांनी तिथे हात दाबून धरला, आणि तरी हसतच राहिल्या.